सायकलस्वाराच्या डोक्यावर काय असते?

मोटारसायकलीच्या हेल्मेटविषयी आपल्याकडे आजवर भरपूर लिहिले व बोलले गेले आहे. पुण्यात हेल्मेटसक्तीची घोषणा झाली की तिच्याविरुद्ध मोर्चेही निघतात. परंतु त्याच रस्त्यावरून, त्याच ट्रक व बसगाड्यांच्या शेजारून सायकल हाकणाऱ्या माणसाच्या डोक्याचा विचार आपण फारसा करीत नाही. कायदाही करीत नाही. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचे १२९ वे कलम मोटारसायकलीवर बसणाऱ्यांपुरते आहे. सायकल हे मोटार वाहनच नसल्यामुळे सायकलस्वाराने डोक्यावर काय घालावे हा सर्वस्वी त्याचा प्रश्न ठरतो.

हा प्रश्न निरनिराळे सायकलस्वार निरनिराळ्या प्रकारे सोडवतात. त्यामागची कारणे समजून घेतली, तर आपल्या घरातील मुलांना आणि आपल्या दारी सायकलवरून येणाऱ्या माणसांना काय सांगावे, हे ठरविणे सोपे जाईल. यासाठीच हा लेखप्रपंच.

सायकलस्वारांच्या चार तऱ्हा

आपल्या शहरांतील सायकलस्वारांचे ढोबळमानाने चार गट पाडता येतात.

पहिला गट हौशी व व्यायामप्रेमी सायकलस्वारांचा. रविवारी पहाटे महामार्गावर हे स्वार घोळक्याने दिसतात. सायकल महागडी, कपडे अंगाला घट्ट बसणारे आणि डोक्यावर हमखास हेल्मेट. त्यांच्या गटात हेल्मेटशिवाय आलेल्या माणसाला बाकीचे सोबत घेत नाहीत. त्यांच्या दृष्टीने हेल्मेट हा पोशाखाचाच भाग आहे. क्रिकेटपटू पॅड बांधल्याशिवाय मैदानात उतरत नाही, तसेच हे.

दुसरा गट पोटासाठी सायकल चालविणाऱ्यांचा. पहाटे वर्तमानपत्रे टाकणारा मुलगा, भोंगा वाजवीत येणारा पाववाला, किटली अडकवून फिरणारा चहावाला, दुधाचे कॅन लटकावलेला दूधवाला, रात्रपाळीला निघालेला वॉचमन आणि बांधकामावर जाणारा मजूर. मुंबईचे डबेवाले याच गटातले. त्यांच्या डोक्यावर पांढरी गांधी टोपी असते आणि ती त्यांची ओळखच होय. या गटात हेल्मेट जवळजवळ दिसतच नाही. उन्हापासून वाचण्यासाठी पंचा किंवा टोपी, पावसात डोक्यावर प्लास्टिकची पिशवी, एवढेच काय ते संरक्षण.

तिसरा गट मुलांचा. शाळेला, शिकवणीला आणि मैदानावर जाणाऱ्या मुलामुलींचा. चौथी-पाचवीतल्या मुलाला आईवडिलांनी सायकलीबरोबर हेल्मेट घेऊन दिलेले असते आणि ते पहिले काही महिने घातलेही जाते. पुढे वर्गातील मुले हसू लागली की ते दप्तराच्या पट्ट्याला लोंबकळू लागते आणि आठवी-नववीत घरीच राहते.

चौथा गट शहरांत नव्याने आलेला, भाड्याच्या व बॅटरीच्या सायकलींवरचा. पुण्यात २०१७ च्या अखेरीस भाड्याच्या सायकली रस्त्यावर आल्या व काही वर्षांतच दिसेनाशा झाल्या. त्यावर बसणाऱ्याने घरून निघताना सायकल चालविण्याचे ठरविलेलेच नसे, मग हेल्मेट बरोबर कुठून असणार? बॅटरीच्या हलक्या गाडीचे थोडे वेगळे आहे. जिची शक्ती २५० वॅटपेक्षा कमी आणि कमाल वेग ताशी २५ किलोमीटरपेक्षा कमी, अशी गाडी आपल्या नियमांनुसार मोटार वाहनांत मोडत नाही. त्यामुळे घरोघर खाद्यपदार्थ पोहोचविणारी कित्येक मुले अशा गाड्यांवरून दिवसभर फिरतात आणि हेल्मेटचे बंधन त्यांनाही लागू होत नाही.

या चार गटांकडे पाहिले की एक विसंगती डोळ्यांत भरते. आठवड्यातून एकदा, पहाटेच्या मोकळ्या रस्त्यावर सायकल चालविणारा हेल्मेट घालतो. आठवड्याचे सहा-सात दिवस, ऐन रहदारीत, पाठीमागे ओझे बांधून सायकल चालविणारा घालत नाही. म्हणजे हेल्मेटची सवय धोक्याच्या मापाने ठरत नाही. मग ती कशाने ठरते?

परदेशांतील अनुभव

ही विसंगती केवळ आपल्याकडची नाही. अमेरिकेतील बॉस्टन व वॉशिंग्टन या दोन शहरांत संशोधकांनी रस्त्याच्या कडेला उभे राहून तीन हजारांहून अधिक सायकलस्वारांची नोंद केली. हा अभ्यास २०१२ साली प्रसिद्ध झाला. स्वतःच्या सायकलीवर असलेल्यांपैकी सुमारे ४९ टक्के लोक हेल्मेटशिवाय होते. भाड्याच्या सायकलीवर असलेल्यांमध्ये हेच प्रमाण सुमारे ८१ टक्के निघाले. शहर तेच, रस्ता तोच, तरीही एवढा फरक. पुरुषांपेक्षा स्त्रिया हेल्मेट अधिक घालतात, हेही त्या पाहणीत दिसून आले.

नेदरलँडचे उदाहरण याहून बोलके आहे. त्या देशात माणसांपेक्षा सायकली अधिक आहेत. कचेरीत जाणारा अधिकारी, मुलांना पुढे-मागे बसवून निघालेली आई, सत्तरीतले आजोबा असे सारेच सायकलवर. आणि जवळजवळ सारेच उघड्या डोक्याने. मात्र त्याच देशात शर्यतीच्या सायकलवर बसलेला माणूस बहुधा हेल्मेट घालूनच निघतो. कदाचित सोमवारी उघड्या डोक्याने कामावर गेलेलाच रविवारी हेल्मेट चढवून पन्नास किलोमीटरच्या फेरीला जात असेल. डच माणसाच्या मनात या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिली म्हणजे चालण्याचाच एक प्रकार, दुसरी म्हणजे खेळ. चालायला निघालेला माणूस शिरस्त्राण घालीत नाही.

आमच्या मते पूर्वीच्या प्रश्नाचे उत्तर येथेच आहे. जो सायकल चालविण्यासाठी म्हणून घराबाहेर पडतो, तो त्यासाठी तयारी करतो. जो कामाला निघालेला असतो आणि ज्याच्यासाठी सायकल केवळ पायांची जागा घेते, त्याला वेगळ्या तयारीची गरज वाटत नाही. पाववाल्याला विचारले तर तो आपण सायकल चालवितो असे म्हणणार नाही, पाव विकतो असेच म्हणेल.

तथापि डच माणूस आणि आपला पाववाला यांच्यात एक मोठा भेद आहे. डच माणसाच्या उघड्या डोक्याचे रक्षण त्याचा रस्ता करतो. तेथे सायकलींसाठी गाड्यांपासून वेगळे केलेले मार्ग आहेत आणि वस्तीतील पुष्कळ रस्त्यांवर वाहनांना ताशी ३० किलोमीटरची मर्यादा आहे. आपल्या पाववाल्याला ना वेगळा मार्ग, ना वेगाची मर्यादा पाळणारे वाहनचालक. शिवाय नेदरलँडमध्येही सारे आलबेल आहे असे नव्हे. २०२२ साली तेथे २९१ सायकलस्वार अपघातांत दगावले व त्यांत वृद्धांचे प्रमाण मोठे होते. गंभीर जखमी होणाऱ्या बहुतेक डच सायकलस्वारांच्या अपघातात मोटारगाडीचा संबंधच नसतो. ते आपल्या आपण घसरून वा कशाला तरी धडकून पडतात. म्हणूनच तेथील डॉक्टर आता वयस्कांना हेल्मेटचा आग्रह करू लागले आहेत.

शेजारच्या डेन्मार्कने वेगळा मार्ग धरला. तेथेही मोठ्यांवर सक्ती नाही, पण शाळांतून व रस्त्यांवरून वर्षानुवर्षे प्रचार झाला. २००४ च्या सुमारास शहरातील शंभर सायकलस्वारांमागे जेमतेम सहा-सात हेल्मेट दिसत. अलीकडच्या काळात हे प्रमाण निम्म्याच्या आसपास गेले आहे. दंड न करताही सवय बदलते, मात्र तिला वीस वर्षे द्यावी लागतात.

हेल्मेट नेमके काय करते?

सायकलीच्या हेल्मेटमध्ये वरचे पातळ प्लास्टिकचे कवच आणि आत थर्मोकोलसारख्याच पदार्थाचा जाड थर असतो. अशा रचनेचे सायकलीचे हेल्मेट अमेरिकेत १९७५ मध्ये बाजारात आले; त्यापूर्वी शर्यतीतले स्वार चामड्याच्या पट्ट्यांची टोपी घालीत. पडल्यावर डोके जमिनीवर आदळते तेव्हा हा थर चेपला जातो आणि चेपता चेपता धक्क्याचा जोर पितो. डोके एकदम थांबण्याऐवजी क्षणभर अधिक वेळ घेऊन थांबते आणि त्या क्षणभरात मेंदूला बसणारा हिसका कमी होतो. थर एकदा चेपला की पुन्हा पूर्ववत होत नाही. यास्तव जोराचा आघात झालेले हेल्मेट वरून धड दिसले तरी टाकून द्यावे.

युरोपीय मानकानुसार हेल्मेटची परीक्षा सुमारे दीड मीटर उंचीवरून सपाट पृष्ठभागावर आदळून होते. त्या वेळी वेग असतो ताशी सुमारे २० किलोमीटर. सायकलवरून तोल जाऊन पडलेल्या माणसाचे डोके साधारण एवढ्याच उंचीवरून खाली येते. भरधाव ट्रकखाली सापडलेल्या माणसाला हेल्मेट वाचवील अशी हमी कोणीही देत नाही. हेल्मेट मुख्यतः पडण्यापासूनचे संरक्षण आहे आणि सायकलस्वार पडतात ते बरेचदा असेच: खड्ड्यात चाक जाऊन, वाळूवर घसरून, उभ्या गाडीचे दार अचानक उघडल्याने.

ऑस्ट्रेलियातील दोन संशोधकांनी जगभरातील ४० अभ्यासांचा एकत्रित आढावा घेऊन २०१६ साली तो प्रसिद्ध केला. त्यांत चौसष्ट हजारांहून अधिक जखमी सायकलस्वारांची माहिती होती. हेल्मेट घातलेल्यांमध्ये डोक्याला इजा होण्याची शक्यता सुमारे निम्म्याने, तर गंभीर इजेची शक्यता सुमारे ७० टक्क्यांनी कमी आढळली. हेल्मेटमुळे मानेला दुखापत होते, अशी एक समजूत आहे. तिला या आढाव्यात आधार सापडला नाही.

कायदा करावा काय?

मग कायदाच का करू नये, असे कोणी विचारील. काही देशांनी तो केला. ऑस्ट्रेलियातील व्हिक्टोरिया प्रांताने १ जुलै १९९० पासून सर्व वयाच्या सायकलस्वारांना हेल्मेट सक्तीचे केले आणि दोन वर्षांत त्या देशातील इतर प्रांत त्याच वाटेने गेले. न्यूझीलंडमध्ये १९९४ पासून सक्ती आहे. हेल्मेटचा वापर झपाट्याने वाढला हे खरे. पण हेल्मेट नको म्हणून काहींनी, विशेषतः शाळकरी मुलांनी, सायकलच सोडली, असा आक्षेप तेव्हापासून घेतला जातो व त्यावर आजही वाद चालू आहे. मेलबर्न शहराने २०१० मध्ये भाड्याच्या सायकली सुरू केल्या, त्यांना सक्तीमुळे गिऱ्हाईक मिळेना. दुकानांतून स्वस्तात हेल्मेटे विकून पाहिली, तरी अपेक्षेएवढा प्रतिसाद मिळाला नाही आणि २०१९ मध्ये ती सेवा बंद झाली.

अमेरिकेतील सिॲटल शहराचा अनुभव मात्र आपण अवश्य ध्यानात घ्यावा. तेथेही सक्ती होती. कोणाकोणाला दंड झाला याची छाननी केली असता, अलीकडच्या काही वर्षांतील सुमारे निम्म्या पावत्या बेघर लोकांच्या नावे फाडल्या गेल्याचे आढळले. ज्याच्याकडे घर नाही, त्याला हेल्मेट नसल्याबद्दल दंड! अखेर फेब्रुवारी २०२२ मध्ये तेथील आरोग्य मंडळाने हा नियम रद्द केला. हेल्मेट घाला असे सांगणे मात्र त्या मंडळाने सोडले नाही.

यामुळेच अनेक देशांनी मधला मार्ग निवडला. स्वीडनमध्ये १५ वर्षांखालील मुलांना २००५ पासून, तर फ्रान्समध्ये १२ वर्षांखालील मुलांना २०१७ पासून हेल्मेट सक्तीचे आहे. जपानने १ एप्रिल २०२३ पासून सर्व सायकलस्वारांना हेल्मेटसाठी प्रयत्नशील राहण्याचे कर्तव्य घालून दिले, पण त्याला दंड जोडला नाही.

आपल्याकडे उद्या अशी सक्ती झाली, तर पहिली पावती कोणाच्या हाती पडेल? रविवारच्या हौशी स्वाराच्या नव्हे, कारण त्याच्या डोक्यावर हेल्मेट असतेच. ती पडेल पाववाल्याच्या, वॉचमनच्या आणि मजुराच्या हाती. म्हणून आपल्या शहरांत दंडाची घाई करू नये असे आम्हांस वाटते. प्रथम हेल्मेट त्याच्या हाती पडले पाहिजे.

शर्यतवीरांचा धडा आणि घिसाल्लोची माता

हेल्मेट घालणाऱ्या हौशी स्वारांनीही एक गोष्ट विसरू नये. त्यांचे आदर्श असलेले व्यावसायिक शर्यतवीर दीर्घकाळ हेल्मेटच्या विरोधात होते. १९९१ मध्ये जागतिक सायकल संघटनेने सक्तीचा प्रयत्न केला, तेव्हा पॅरिस ते नीस या शर्यतीतील स्वारांनी त्याविरुद्ध निषेध केला व नियम मागे घ्यावा लागला. उकाडा होतो, चढावर ओझे वाटते, अशी त्यांची कारणे होती. आपलीही कारणे याहून वेगळी नाहीत.

१८ जुलै १९९५ रोजी फ्रान्समधील महाशर्यतीत डोंगरउतारावर फाबियो कासार्तेल्ली हा इटालियन तरुण पडला. १९९२ च्या बार्सिलोना ऑलिंपिकमध्ये सुवर्णपदक मिळविणारा हा स्वार अवघ्या २४ वर्षांचा होता व त्याच्या डोक्यावर हेल्मेट नव्हते. डोक्याला झालेल्या जखमांनी त्याचा अंत झाला. हेल्मेटने तो वाचला असता की नाही, यावर मतभेद झाले आणि नियम काही बदलला नाही. २००३ च्या मार्च महिन्यात त्याच पॅरिस ते नीस शर्यतीत कझाकस्तानचा आंद्रेई किविलेव्ह हेल्मेटशिवाय पडून दगावला. त्यानंतर मात्र मे २००३ पासून संघटनेने हेल्मेट सक्तीचे केले. आरंभी शेवटच्या लांब चढावर ते काढण्याची मुभा होती; पुढे तीही गेली. आज हेल्मेटविना व्यावसायिक शर्यत कोणाच्या कल्पनेतही येत नाही.

कासार्तेल्लीची सायकल आज एका चॅपेलमध्ये ठेवलेली आहे. उत्तर इटलीत कोमो सरोवराजवळच्या टेकडीवर घिसाल्लोच्या पवित्र मातेचे ते छोटेसे चॅपेल आहे. लुटारूंनी गाठलेल्या एका सरदाराने येथील मरियामातेच्या प्रतिमेचा आश्रय घेतला व तो वाचला, अशी जुनी आख्यायिका आहे. तेव्हापासून ती वाटसरूंची रक्षणकर्ती मानली जाते. पोप बारावे पायस यांनी १९४९ साली तिला सायकलस्वारांची आश्रयदाती म्हणून घोषित केले. चॅपेलच्या भिंतींवर नामांकित स्वारांच्या सायकली व जर्सी टांगलेल्या आहेत. तेथे येणारे स्वार मातेला नमन करतात आणि उतरणीला लागण्यापूर्वी हेल्मेटचा पट्टा आवळतात. प्रार्थना आणि पट्टा यांपैकी एकच निवडावे असे तेथे कोणाला वाटत नाही.

आपण काय करावे?

पहिली गोष्ट मुलांची. सायकल घेतानाच हेल्मेट घ्यावे आणि पहिल्या दिवसापासून ते घातल्याशिवाय चाक हलू देऊ नये. वडील स्वतः मोटारसायकलीवर हेल्मेट आरशाला अडकवून फिरत असतील, तर मुलाला केलेला उपदेश वाया जाईल. शिक्षकांनी हसणाऱ्या मुलांना आवरावे. वर्गातील निम्मी मुले हेल्मेट घालू लागली की उरलेल्यांना ते काढण्याचे कारण राहत नाही.

हेल्मेट डोक्यावर मागे कललेले नसावे. भुवयांच्या वर दोन बोटे अंतर राहील एवढे पुढे यावे. बाजूचे पट्टे कानाखाली एकत्र यावेत आणि हनुवटीखाली एखादे बोट जेमतेम जाईल इतके आवळावेत. झाडावर चढताना किंवा बागेतील खेळांवर खेळताना मात्र मुलांनी हेल्मेट काढून ठेवावे, कारण पट्टा अडकून गळफास बसण्याची भीती असते. मोटारसायकलीचे जड हेल्मेट सायकलवर गैरसोयीचे आहे. बांधकामावरची पिवळी टोपी तर वरून पडणाऱ्या वस्तूंसाठी असते, सायकलवरून पडण्यासाठी नव्हे.

दुसरी गोष्ट आपल्या दारी येणाऱ्यांची. ज्याच्या पावाने आपली न्याहारी होते व ज्याने टाकलेले वर्तमानपत्र आपण वाचतो, त्याच्या डोक्याची काही जबाबदारी आपल्यावरही येते. सोसायटीने आपल्या वॉचमनला, दुकानदाराने आपल्या पोऱ्याला, बेकरीमालकाने आपल्या पाववाल्याला दिवाळी वा नाताळनिमित्त काही भेट द्यायचीच असेल, तर यंदा हेल्मेट द्यावे. सोबत सायकलीला मागे लावायचा लाल दिवा द्यावा, कारण रात्री व पहाटे जाणारी सायकल गाडीवाल्याला दिसणे हेही तितकेच मोलाचे आहे. उकाड्याची तक्रार खोटी नाही; म्हणून भरपूर झरोके असलेले हेल्मेट निवडावे. ते घालण्याचा आग्रह मात्र प्रेमाने व वारंवार करावा लागेल. डबेवाल्याच्या टोपीप्रमाणे ज्याच्या डोक्यावरची वस्तू त्याची ओळख असते, त्याच्याशी तर अधिकच आदराने बोलावे लागेल.

तिसरी गोष्ट रस्त्याची. हेल्मेट पडण्याचा आघात कमी करते, पडणे टाळत नाही. पुण्यात २००८ च्या राष्ट्रकुल युवा क्रीडा स्पर्धांच्या सुमारास बांधलेल्या सायकलमार्गांवर पुढे अनेक ठिकाणी गाड्या उभ्या राहू लागल्या व टपऱ्या थाटल्या गेल्या. आपल्या नगरसेवकाकडे खड्ड्यांची तक्रार करणे, सायकलमार्गावर आपली गाडी उभी न करणे, गाडीचे दार उघडण्यापूर्वी मागे वळून पाहणे आणि सायकलला ओलांडताना हातभर अधिक जागा सोडणे, हे सारे आपल्या हाती आहे. सायकलस्वाराला हेल्मेट घाल म्हणून सांगणारा माणूस स्वतः स्टिअरिंगमागे असेल, तर त्याने आरंभ स्वतःपासून करावा.

येत्या रविवारी घरी परतताना गेटवरच्या वॉचमनची सायकल एकदा जवळून पाहावी. मागचा दिवा आहे काय? ब्रेक लागतात काय? आणि तो रात्री घरी जाताना डोक्यावर काय घालतो, हे त्यालाच विचारावे.